ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गाडीचा रोबो होणारं खेळणं, चांगला कशावरून म्हणायचा? रोबो देखणा, गाडी हुबेहूब, की मधली घडामोड मस्त?

लोखंडी_मावळा
मंडळी, खरेदीच्या धाग्यावर या विषयाचं अवांतर फार व्हायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतोय. माझ्याकडे ताकारा टॉमी या जपानी कंपनीच्या मास्टरपीस या संग्राहकांसाठीच्या महागड्या मालिकेतले दोन ऑप्टिमस (ट्रकचा रोबो होणारा कार्टूनचा नायक) आहेत, २०११ चा एमपी-१० आणि २०१९ चा एमपी-४४. कपाटात दोघं शेजारी उभे असतात आणि घरी येणारा पाहुणा हमखास ४४ कडेच बोट दाखवतो, कारण तो थेट कार्टूनमधून उतरल्यासारखा दिसतो, गुळगुळीत मांड्या, सांधे फारसे दिसत नाहीत, शिवाय बोलतोही. पण माझ्या हातात सारखा येतो तो १० च. ऑफिसचा कॉल चालू असताना न बघता त्याचा ट्रक होतो आणि न बघता परत रोबो होतो. ४४ चा ट्रक करायचा म्हणजे आधी टेबल रिकामं करा, दिवा जवळ ओढा आणि मग एकेक पापुद्रा उलगडत बसा, त्यातला एक जरी चुकीच्या क्रमाने दुमडला तरी शेवटची फट मिटत नाही ती नाहीच.

तर माझं मत असं की या खेळण्याचं डिझाइन जोखायचं ते मधल्या बदलावरून. दोन्ही रूपं सुंदर पण मधे नुसता वैताग, हे म्हणजे दोन मूर्ती एका खोक्यात कोंबल्या एवढंच. १९८४ च्या ऑप्टिमसमध्ये ट्रकची पुढची काच हीच रोबोची छाती होती, त्यातच सगळी गंमत होती. आता कित्येक महागड्या रोबोंच्या छातीवर शोभेची काच असते आणि ट्रकची खरी काच पाठीत कुठेतरी दुमडून लपवलेली. मला तरी ही लबाडी वाटते. तुमचं काय?

काचेचं_कपाट
धाग्याचा सूर आधीच ठरलेला दिसतोय त्यामुळे विरुद्ध बाजू मी घेतो. मी रोबो घेतो, एकदा गाडी करून बघतो, परत रोबो करतो आणि कपाटात ठेवतो. पुढची कित्येक वर्षं मला तो रोबोच दिसणार आहे. मग रोबो कार्टूनसारखा दिसावा यासाठी पैसे मोजले तर काय बिघडलं? पाठीत काय दुमडलंय ते मला दिसत पण नाही. तुम्हाला कॉलवर बोटांना चाळा हवाय, मला लहानपणी पडद्यावर पाहिलेला तो हवाय.

जुना_खेळाडू
कपाटराव, तुमचे पैसे तुमची मर्जी, पण एक गंमत बघा. १९८४ ला हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने तिकडे विकायला आणलेली पहिली खेप बहुतेक सगळी ताकाराच्या (आताची ताकारा टॉमी) डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या दोन मालिकांतली. डायाक्लोनमध्ये हे रोबो सजीव वगैरे नव्हतेच, आत बसायला एक चिमुकला चालक मिळायचा, त्याच्या पायाला लोहचुंबक. म्हणजे ती यंत्रं होती आणि यंत्रासारखीच घडवली होती, चेहऱ्याबिहऱ्याला फार महत्त्व नाही. नावं, स्वभाव, कोण कोणाचा शत्रू हे सगळं नंतरचं, त्यातलं बरंचसं मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीने बसून लिहिलेलं. मग कार्टूनवाल्यांनी ती खेळणी समोर ठेवून हलवायला सोपी अशी चित्रं काढली, रेघा कमी केल्या, खाचाखोचा पुसल्या. चित्राला काय हो, खलनायक मेगाट्रॉन आत्ता सगळ्यांच्या डोक्यावर उभा आणि दुसऱ्या क्षणी पिस्तूल होऊन त्याचाच साथीदार स्टारस्क्रीमच्या मुठीत, कोणी हिशोब मागत नाही.

आणि आता मास्टरपीसवाले त्या सोप्या केलेल्या चित्राला प्रमाण मानून प्लास्टिक कापतायत. खेळण्यावरून चित्र निघालं होतं, आता चित्रावरून खेळणं काढतायत, उलटी गंगा. चित्रात जी लबाडी फुकट होते ती प्लास्टिकमध्ये करायची तर प्रत्येक लबाडीला एक पॅनल आणि एक बिजागरी लागते. उदाहरण हवं तर बीटल गाडीचा रोबो होणारा बम्बलबी घ्या. २०१४ चा एमपी-२१ छोटासा, सुटसुटीत, हातात घेतला की कळतो. २०१९ चा एमपी-४५ चेहऱ्याने कार्टूनच्या जास्त जवळ, पण अख्ख्या बीटल गाडीचं कवच पाठीवर बोचकं बांधल्यासारखं. समोरून फोटो काढला तर छान. बाजूने काढू नका.

खडूस_काका
वाचलं सगळं. प्लास्टिकच्या बाहुल्यांसाठी एवढा ऊहापोह. आमच्या वेळी लाकडी गाडी होती, दोरी बांधून ओढायची, ती कशातच बदलायची नाही आणि तक्रारही नव्हती. चालू द्या.

जुना_खेळाडू
काका, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना तुम्हीच सगळ्यात पुढे असता हे या साइटवर सगळ्यांना ठाऊक आहे.

डायमेकर
भोसरीला टूलरूममध्ये (जिथे साचे बनतात) आयुष्य गेलंय, खेळणी नाही, ऑटो पार्ट्स. पण मुलाच्या नादाने ही खेळणी उघडून बघायची सवय लागली त्यामुळे दोन गोष्टी सांगतो, लांबेल जरा.

पहिली गोष्ट ती शेवटच्या फटीची. प्रत्येक सांध्याला थोडी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर तो फिरणारच नाही. समजा दशांश एक मिलिमीटर ठेवली. आता गाडीचं टप बनवायला दहा पॅनल एकामागून एक एकमेकांना धरून असतील तर ती ढिलाई साठत जाते आणि शेवटच्या पॅनलला मिलिमीटरभर फरक पडू शकतो. गाडीच्या टपावर मिलिमीटरची फट म्हणजे डोळ्यात खुपणारच. म्हणून कमी पॅनलचं डिझाइन ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही, ते जास्त काळ नीट बसतं. दहा वर्षांनी सांधे झिजल्यावर कोणतं खेळणं सरळ उभं राहील याचा अंदाज पॅनल मोजून बांधता येतो.

दुसरी गोष्ट, इथे बरेच जण हाताच्या आतल्या बाजूला पोकळी दिसली की कंपनीने प्लास्टिक चोरलं म्हणून ओरडतात. प्लास्टिक वाचतं हे खरं आहे, पण मुख्य कारण ते नाही. जाड भाग मोल्डमध्ये (साच्यात) उशिरा थंड होतो आणि थंड होताना आत ओढला जातो, वर खळगा पडतो, आम्ही सिंक आला म्हणतो. म्हणून भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवायची आणि आतून पोकळ सोडायचं. ती पोकळी झाकायची असेल तर वेगळं झाकण आलं, झाकण आलं म्हणजे साच्यात आणखी एक कॅव्हिटी, म्हणजे त्या भागाच्या आकाराची खाच, आली, जोडायला माणूस आला, कदाचित स्क्रू आला. ठरलेल्या किमतीत एवढेच पार्ट बसणार असतील तर डिझायनर विचार करतो की झाकण लावू का मनगट फिरवू. मी त्याच्या जागी असतो तर मनगट फिरवलं असतं.

तिसरी (दोन म्हणालो होतो पण आता आलीय तर सांगतोच). एका रनरला (साच्यात प्लास्टिक वाहून नेणारी फांदी) जे पार्ट असतात ते सगळे एकाच शॉटमध्ये, एकाच रंगाच्या प्लास्टिकमध्ये येतात. त्यामुळे तोच मोल्ड दुसऱ्या पात्रासाठी वापरताना कोपर निळं आणि गुडघा लाल असं काहीतरी विचित्र दिसतं तेव्हा ते रनरचं गणित असतं. ते बदलायला रंग मारावा लागतो आणि रंग मारणं महाग. मोल्डला एकदा पैसा ओतला की त्यातून जितकी पात्रं काढता येतील तितकी काढायची, धंदा आहे.

लोखंडी_मावळा
डायमेकर साहेब, सलाम. मोल्ड परत वापरायचा प्रकार तर पहिल्या वर्षापासूनचा आहे, प्रॉल, ब्लूस्ट्रीक आणि स्मोकस्क्रीन तिघंही एकाच डॅटसन २८०झेडएक्स गाडीच्या साच्यातले, रंग आणि किरकोळ भाग बदलून. पण तो साचाच इतका सुंदर की तीनदा घेतला तरी मन भरत नाही. बॉनेटची छाती, दारांचे पंख. आणि बदल किती सोपा.

समीरा_के
मी संग्राहक वगैरे नाही, आठ वर्षांच्या मुलाची आई आहे त्यामुळे माझे निकष तुमच्यापेक्षा वेगळे. पहिला, सोफ्यावरून पडल्यावर काय होतं. दुसरा, बदलायला मला हाक मारावी लागते का. एका झटक्यात बदलणारे ते मोठे सोपे वाले आणले तर तो दोन दिवसांत कंटाळला, करण्यासारखं काही नाही म्हणाला. मग डिलक्स या मधल्या आकाराचा आणला, त्यात तो अडला, रडला, कागद उलटासुलटा करून बघितला आणि जमल्यावर दिवसभर घरातल्या प्रत्येकाला करून दाखवला. म्हणजे मधली घडामोड मस्त असावी हे मावळादादांचं म्हणणं माझ्या घरात तरी खरं ठरलंय. पण त्या डिलक्सचा खांदा निखळून हातात आला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो मात्र शांतपणे टच्चकन परत बसवून मोकळा. हे मुद्दाम तसं बनवलेलं असतं का?

डायमेकर
हो ताई, तो गोळीचा सांधा, वाटीत गोल गोळी बसवलेला. जोर जास्त झाला की तुटायच्या ऐवजी सुटतो, परत दाबला की बसतो. लोखंडी पिन घातलेला सांधा घट्ट राहतो पण त्यावर जोर आला तर आजूबाजूचं प्लास्टिकच फाटतं. लहान मुलासाठी घेताना गोळीचे सांधे जास्त असलेला बघा. आणि टोकदार शिंगं, तलवारी मऊ रबरासारख्या असतील तर ती कंजुषी नव्हे, डोळ्यात जाऊ नये म्हणून.

जुना_खेळाडू
गोळीच्या सांध्याचं बरंचसं श्रेय १९९६ च्या बीस्ट वॉर्स या ट्रान्सफॉर्मर्सच्या मालिकेला द्या. त्याच्या आधीचे बहुतेक रोबो म्हणजे वीट, खांद्यातून हात वरखाली आणि झालं. गाड्या सोडून प्राणी आले म्हणून तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण चित्त्याचा रोबो गुडघ्यावर बसू शकतो हे आम्ही तिथे पहिल्यांदा पाहिलं. आजच्या प्रत्येक डिलक्सच्या अंगात ते रक्त आहे.

वाल्किरी_वेडा
एवढी चर्चा झाली आणि कावामोरीचं नाव कोणी काढलं नाही??? शोजी कावामोरी, ज्याने डायाक्लोनसाठी काम केलं, ऑप्टिमसच्या मूळ खेळण्यातही त्याचा हात आहे, आणि ज्याने मॅक्रॉस या जपानी कार्टूनचं व्हीएफ-१ वाल्किरी हे रोबो होणारं लढाऊ विमान काढलं. माणूस लेगोचे ठोकळे जोडून आधी बदल घडवून बघतो आणि मग चित्र काढतो. हे वाचलं तेव्हा मला सगळं उलगडलं. आधी यंत्र हातात फिरलं पाहिजे, देखणेपणा मागून येतो. विमानाचं नाक खाली वळतं, इंजिनांचे पाय होतात, आणि मधे अर्धवट थांबलं तरी पाय फुटलेलं विमान म्हणून तेही रूप चालतं. मधली अवस्थासुद्धा खेळायला वापरलीय, याहून मोठा पुरावा काय पाहिजे मावळ्या.

१९८२ साली ताकातोकू या जपानी कंपनीने वाल्किरीचं १/५५ मापाचं खेळणं काढलं, आणि तोच साचा वापरून हॅस्ब्रोने १९८५ ला जेटफायर नावाचा ट्रान्सफॉर्मर विकला. ताकातोकू बुडाली, साचे बांदाईकडे गेले, बांदाई म्हणजे ताकाराची थेट स्पर्धक, त्यामुळे जपानात ताकाराने जेटफायर विकलाच नाही आणि कार्टूनमध्ये त्याचं नाव स्कायफायर करून रूपही बदललं. संग्रहाच्या दृष्टीने हे खेळणं मला सगळ्यात प्रिय, दोन घराण्यांत वाटणी झालेलं लेकरू. पांढरं प्लास्टिक मात्र पिवळं पडतं, तेवढं सांभाळा.

तोक्योकर
उशिरा आलो धाग्यावर, इकडे रात्र झाली. नाकानो ब्रॉडवेच्या मांदाराके या जुन्या खेळण्यांच्या दुकानात शनिवारी चक्कर असते माझी (खरेदी नाही हो, बघायला, असं बायकोला सांगितलंय). एक निरीक्षण लिहितो. तिथे जुन्या खेळण्याच्या पिशवीवर चिठ्ठी असते, खोकं आहे का, कागद आहे का, कुठला सांधा सैल, कुठे क्रोम उडालंय, स्टिकर लावलेत का नाही, सगळं. गिऱ्हाईकसुद्धा आधी सांधे विचारतात. आपल्याकडच्या ग्रुपवर पोस्ट पडते ती "मिंट, किंमत डीएम", आणि फोटो समोरून एकच. विकत घेताना तीन फोटो मागायचेच: पाठीचा, स्क्रूंचा, आणि अर्धवट बदललेल्या अवस्थेतला. अर्धवट अवस्थेतला फोटो द्यायला विकणारा कां कूं करायला लागला तर समजा काहीतरी तुटलंय.

आणि सोनेरी प्लास्टिक! ऐंशीच्या दशकाअखेरची, नव्वदच्या दशकातली काही खेळणी, ज्यांच्या प्लास्टिकमध्ये सोनेरी चमकीच्या लाटा दिसतात, ती घेऊ नका, घेतलीत तर बदलू नका. ब्लॅक झॅराक हा रोबो त्याचं कुप्रसिद्ध उदाहरण. ते प्लास्टिक काळानुसार ठिसूळ होतं आणि हात लावला की पिनपाशी बिस्किटासारखं तुटतं. खोक्यात बंद राहिलंय म्हणून वाचलंय असं अजिबात समजू नका.

बाकी मूळ मुद्द्यावर, २०२४ ला ताकारा टॉमीने मिसिंग लिंक नावाची मालिका काढलीय. १९८४ चंच रूप, तीच ट्रकची काच तीच छाती, बदलायची पद्धत जवळपास तीच, फक्त कोपर, गुडघे, कंबर असे सांधे आत बसवलेत. ते हातात घेतल्यावर मला तरी वाटलं की डिझायनरची खरी कसोटी ही. चित्राची नक्कल करायला पन्नास पॅनल घालणं एकवेळ सोपं, जुन्या साध्या रचनेला हात न लावता तिच्यात गुडघा बसवणं अवघड.

काचेचं_कपाट
मिसिंग लिंक बघितलाय, छान आहे, मानतो. पण तोक्योकर, चौकोनी डबा तो डबाच. माझं मत कायम.

एक विचारतो, तुम्हा सगळ्यांचा साध्या बदलाचा आग्रह आहे ना, मग गोबॉट्स, ते त्याच काळातले प्रतिस्पर्धी रोबो, का नाही जमवत? बांदाईच्या १९८२ च्या मशीन रोबोमधून आलेले, जपानात ६०० येनला एक, चार हालचालींत गाडी. साधेपणाच निकष असेल तर तेच जिंकले पाहिजेत.

लोखंडी_मावळा
हा प्रश्न चांगलाय, बसून विचार केला. साधेपणा हा निकष नाहीये माझा. प्रत्येक हालचालीतून काहीतरी निष्पन्न झालं पाहिजे. दार उघडलं तर पंख दिसला पाहिजे, बॉनेट वळलं तर छाती आली पाहिजे. चार हालचाली असोत नाहीतर तीस, तीसही आवडतील मला. एमपी-४४ मध्ये कितीतरी हालचाली नुसत्या लपवालपवीच्या आहेत, हा दुमडा, तो त्याच्या खाली सरकवा, त्यावर झाकण घाला. हाताला काही कळतच नाही आपण काय घडवतोय. उलट गोबॉट्समध्ये गाडी आडवी होती ती उभी केली एवढंच. (तरी एखादा मिळाला तर घेईन, नाही कशाला म्हणा.)

जुना_खेळाडू
आता पैशाचं बोला कोणीतरी. २०२० ला आपल्याकडे खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के केली, २०२३ ला ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती. तेव्हापासून दुकानाच्या फळीवर काय मिळतं आणि काय नाही याचा नेम राहिला नाही. देशात खेळणी बनावीत हे मान्य आहे, गोव्यात फनस्कूल या भारतीय कंपनीचा कारखाना आहे, त्यांचे जी. आय. जो हे खेळण्यातले सैनिक आज परदेशातले लोक शोधून घेतात. पण मास्टरपीस काही कोणी इथे बनवणार नाही, आणि त्याच्या खोक्यावर १५ वर्षांवरील असं लिहिलेलं असतं, तरी पार्सल आलं की कस्टमच्या लेखी ते खेळणंच.

याचा परिणाम म्हणजे नकली माल. क्रॉफर्ड मार्केटपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे. मी स्वतः एका विक्रेत्याकडून "ओरिजिनल, खोकं फक्त फाटलंय" म्हणून घेतला आणि आला तो मोठ्या मापाचा नकली. पैसे परत मागितले तर मला ब्लॉक केला.

डायमेकर
नकलीबद्दल एक सांगू का, रागावू नका. काही मोठ्या मापाचे नकली मी उघडून बघितलेत. रचना चोरीचीच, ते चूकच. पण मोठं केल्यामुळे भिंती जाड आल्या, जास्त धातू घातलाय, काही सांधे मुळापेक्षा दणकट. आणि काहींमध्ये मात्र पिनचं भोक तिरकं, फिरवलं की पांढरी रेघ उमटते, म्हणजे प्लास्टिक फाटायला लागलं. ती पांढरी रेघ दिसली की थांबायचं. पुढे जोर लावायचा नाही, पिन थोडी बाहेर काढून भोक हलक्या हाताने मोठं करायचं. घट्ट सांध्याला सिलिकॉनचं ग्रीस चालतं. गंज काढायचा स्प्रे मारू नका, पेट्रोलियमचं काही पारदर्शक प्लास्टिकला लागलं तर तडे जातात.

समीरा_के
आणि सैल झालेल्या सांध्याला? आमच्या डिलक्सचा गुडघा आता उभाच राहत नाही.

तोक्योकर
समीराताई, रंगहीन नेलपॉलिश. सांधा सोडवून गोळीवर एक पातळ थर, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. गरज पडली तर दुसरा थर. ओला असताना बसवलात तर कायमचा चिकटेल. झटपट चिकटवणारा गोंद पण लोक वापरतात, मी पारदर्शक भागांजवळ वापरत नाही.

वाल्किरी_वेडा
मुंबईकरांनी पावसाळ्याचं पण लिहा. माझ्या जुन्या विमानांच्या पिनांना गंज आलाय, रबरी टायर चिकट झालेत. काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवतो, ते निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत. सून म्हणते सासरे तव्यावर काहीतरी भाजतायत.

खडूस_काका
हे सिलिका जेलचं बरं सांगितलंत. किल्ल्यावरचे मातीचे मावळे माळ्यावर असतात, दर वर्षी रंगाला फुगे येतात. त्यांच्या डब्यात ठेवलं तर चालेल का? आणि कुठे मिळतं?

वाल्किरी_वेडा
चालेल काका. केमिकलच्या दुकानात किलोवर मिळतं, कॅमेऱ्याच्या दुकानातही छोट्या पुड्या असतात. मावळे पूर्ण वाळवून मगच डबा बंद करा.

काचेचं_कपाट
मावळ्या, तो ४४ खरंच नुसता पडून असेल तर किंमत कळव. पाठीचा, स्क्रूंचा आणि अर्धवट अवस्थेतला फोटो टाक.

लोखंडी_मावळा
पाठीचा आणि स्क्रूंचा आत्ता टाकतो. अर्धवट अवस्थेतल्यासाठी रविवारपर्यंत थांब, टेबल रिकामं करावं लागेल.